बी ६६०२ कुठल्या गावची?

रविवार, ८ जानेवारी १९६७

अबीगेल शुक्रवारी दिवेलागणीच्या आत मुंबईहून परतली, ती एक लांबट खोकं घेऊनच. काल शनिवार, शब्बाथचा विसावा, म्हणून हात लावला नाही. पण मन तिकडेच. आमच्या यहुदी मशिदीत प्रार्थनेची ओळ चुकलो, तर प्रार्थना म्हणवणाऱ्या हज्जानसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आज उजाडताच खोकं उघडलं. आत गिटार. साधी नव्हे, विजेची.

मुलानं, नाथननं पाठवली. तो अमेरिकेत वाद्यांच्या कारखान्यात लागला त्याला आता वर्ष होईल. त्याचा कोणी खलाशी मित्र आहे, तो पत्रं आणून माझगावला माझ्या मेव्हणीकडे, अबीगेलच्या थोरल्या बहिणीकडे, टाकून जातो. ही महिन्याकाठी बहिणीकडे जाते आणि घेऊन येते. टपालाचा भरवसा नाही, असं नाथनचं म्हणणं. गावाचं नाव मात्र पोरगा एका पत्रात लिहील तर शपथ. विचारलं की लिहितो, ‘बाबा, तुम्हाला उच्चारता येणार नाही.’ अरे, जो बाप हार्मोनियमच्या जर्मन सुरांचे डबे वाचून इंग्रजी शिकला, त्याला गावाचं नाव उच्चारता येणार नाही?

गिटारीला पोटच नाही. सगळी भरीव फळी, वर डाळिंबी पॉलिश. माथ्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत ‘बेलमोर’. दांडी जिथं अंगाला मिळते तो सांधा उलटून पाहिला. नख शिरत नाही. असा सांधा धरायला मीच शिकवलं होतं त्याला, कान पिळून. सांध्याच्या पाठीवर चार स्क्रूंनी बसवलेली पितळी पट्टी आणि तिच्यावर ठोकलेलं: बी ६६०२.

अबीगेलला म्हटलं, ‘‘ऐक, साडेसहा हजारांवर वाद्यं काढलीत त्यांनी. केवढा कारखाना असेल.’’ ती म्हणाली, ‘‘असेल,’’ आणि आत गेली. एवढा प्रवास करून थकली होती.

गुरुवार, १२ जानेवारी

नंबर डोक्यातून जात नाही. नंबर कोणी उगाच घालत नाही. मी माझ्या हार्मोनियमवर घालतो, तेव्हा कोणीही आणून दाखवावी, कधी केली, कोणासाठी केली ते सांगतो. आमची रीत वडिलांच्या तेलघाण्यापासूनची. दिवसाचं पहिलं पावशेर तेल विकायचं नाही, ते आमच्या पैगंबराच्या, एलियाहू हन्नाबीच्या, दिव्याला. घाणा गेला, मी वाद्यं करू लागलो, तरी रीत सोडली नाही. वर्षाचा पहिला नंबर एलियाहूचा. तो कशावरही ठोकायचा नाही. आमचं वर्ष दोनपासून सुरू. गिऱ्हाईकं हसतात. हसू देत.

तर या नंबरातही गाव असणारच. शाळेतल्या भगवान मास्तरांकडे नकाशाचं पुस्तक आहे. त्यांनी बोट फिरवून तीन गावं काढली: बॉस्टन, बफेलो, बाल्टिमोर. ‘‘बी म्हणजे यातलं एक,’’ म्हणाले. दाजी शेजारी बसला होता. दाजीची मिठागरं आहेत, रोज सकाळी माझ्या दुकानात चहाला येतो. आमची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची.

‘‘तुला कुठलं वाटतं, दाजी?’’

‘‘आमी मिठाची मानसं. आमाला अमेरिका न् अलिबाग सारकाच.’’

‘‘अरे पण पोरगा कुठं राहतो ते बापाला नको कळायला?’’

‘‘सुखी हाय नं? मंग झाला.’’ चहा अर्धा टाकून उठला. मीठ मोजायला माणूस येणार होता म्हणे.

रविवार, २२ जानेवारी

निवडणुकीमुळे कर्ण्यांच्या दुरुस्तीला उसंत नाही. दोन्ही पक्षांचे कर्णे माझ्याच दुकानात शेजारी शेजारी, एकाच गोणपाटावर. आज एका पक्षाचा ॲम्प्लिफायर दुरुस्त झाला, तो तपासायचाच होता, म्हणून त्याला गिटार जोडली. एक तार छेडली मात्र, समोरचा भजीवाला कढई सोडून बाहेर आला. मला काही वाजवता येत नाही. पण सूर काय लांबतो! ताकाचा हंडा घुसळताना दोरी घुमते तसा. रस्त्यावर गर्दी झाली. कोणी विचारलं, ‘‘हा कोणत्या चिन्हाचा प्रचार?’’ मी कर्ण्यातच सांगितलं, ‘‘हा माझ्या मुलाच्या हातचा आवाज आहे. अमेरिकेतून.’’

गर्दीत जेरुशाबाई होत्या. पिशवी धरून थोडा वेळ थांबल्या, मग गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं परजातीत लग्न केलं, तेव्हापासून त्या कोणात मिसळत नाहीत, मशिदीतही मागच्या बाकावर. त्या वेळी मीच घरोघर फिरून सगळ्यांना कबूल करवलं होतं की पोरीला कोणी दारात उभं करायचं नाही. औषध कडू होतं, पण घरात एक वासा वाळवीचा निघाला की बाकीचे जपावे लागतात. मी जेरुशाबाईंशी अजूनही बोलतो. कटुता मनात ठेवायचा माझा स्वभाव नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

दाजी पेढे घेऊन आला. त्याच्या वेणूला मुलगा झाला. वेणू मुंबईत इस्पितळात नोकरीला गेली आणि तिथंच कोणाशी तरी रजिस्टर लग्न करून बसली. दाजी जावयाबद्दल फार बोलत नाही, मीही खणत नाही. माणसाची जखम आहे. पण आज चेहरा उजळला होता.

‘‘आजोबा झालास, लेका. जावई काय करतो तुझा?’’

‘‘लाकडाचा काम.’’

‘‘मग माझ्याकडे पाठव की. नाथन गेल्यापासून रंधा धरायला माणूस नाही.’’

दाजीनं माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. ‘‘खा. तुमी दोन खा.’’ आणि डोळे पुसले. हळवा झालाय म्हातारपणी. मी खाल्ले दोन्ही, बाकीचे अबीगेलसाठी आत पाठवले.

अबीगेल या पोरासाठी झबलं शिवते आहे, निळं, माझ्या जुन्या सदऱ्याचं. जुनं कापड बाळाला मऊ लागतं म्हणते. मला बरं वाटलं. आपल्या नशिबी नातू येईल तेव्हा येईल, तोवर दुसऱ्याचं कौतुक.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

अबीगेल परत मुंबईला चालली आहे, आठवडाभर. बहिणीचे गुडघे धरलेत. निघण्यापूर्वी जोडे घालता घालता विचारते, ‘‘अहो, आई आपल्यातली नसली आणि बापानं पोराची सुन्ता करवली, तर ते पोर आपलं धरतात का?’’

मी म्हटलं, ‘‘कावळ्याच्या घरट्यात कोकिळा वाढते, म्हणून कावळा होत नाही. का गं?’’

‘‘बहिणीच्या शेजारी चर्चा चालली होती.’’

‘‘शेजाऱ्यांना सांग, अशा गोष्टीत दया दाखवली की पुढं सगळ्यांचंच वाटोळं होतं.’’

‘‘सांगते,’’ म्हणाली. शब्बाथ तिकडेच करणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आज घरात शब्बाथचे दिवे मी लावणार.

रविवार, २६ फेब्रुवारी

गिटारीची बारीक तार तुटली. इथं पनवेलला मिळणं शक्य नाही. अबीगेल म्हणते, मी आणते पुढच्या खेपेला. पण माझ्या मनात वेगळंच आहे. धोबीतलावला वाद्यांची मोठी दुकानं आहेत. तिथं अशा गिटारी असतील, त्यांचे नंबर पाहीन, जाणकाराला विचारीन. गाव कळलं की पाकिटावर पुरता पत्ता घालून स्वतः पत्र टाकीन, बघू पोचतं की नाही. अबीगेलला आत्ता सांगत नाही. पत्राला उत्तर आलं की एकदम तिच्या पुढ्यात ठेवायचं. तिला सांगितलं, मंगळवारी पेणला पेटीचे सूर लावायला जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं खोटं चालेल.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

आत्ताच परतलो. जसं घडलं तसं लिहितो.

दुकानाच्या काउंटरवर एक मंगळुरी गृहस्थ होते, मराठी चांगलं बोलत होते. मी दुकानातून परस्पर नेलेलं खोकं उघडून त्यांनी गिटार उलटी केली आणि पट्टीवरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, ‘‘बी म्हणजे बॉस्टन की बफेलो, एवढं सांगा.’’

ते हसले. वाईट नव्हे, दुकानदार हसतो तसं. ‘‘काका, बी म्हणजे बॉम्बे. ही भायखळ्याला बनते.’’

‘‘वर बेलमोर लिहिलंय.’’

‘‘नाव लावलंय नुसतं. विलायती नावाशिवाय पोरं हात लावत नाहीत.’’ मागच्या फळीवरून त्यांनी एक काढली, पाठ दाखवली. नुसते आकडे, अक्षर नाही. ‘‘ही परदेशी.’’ दुसरी काढली, तिच्यावर जे. ‘‘ही जपानी. आणि या आपल्या. बी, मग साल, मग नंबर. सहासष्ट साल, दोन.’’

साडेसहा हजारांचा कारखाना माझ्या डोळ्यांपुढं होता, तो एका क्षणात दोनवर आला. तरी मी धीर धरला. वाटलं, नाथनला कोणी फसवलं असेल. घाईत असेल, खलाशाला पैसे दिले असतील, त्यानं इथलीच घेऊन दिली असेल. मी म्हटलं, ‘‘मग एक नंबर कोणी नेली?’’

‘‘एक नंबर नाहीच. हे बघा, यंदाची पहिली.’’ त्यांनी हिरवी गिटार उलटी धरली. बी ६७०२. ‘‘कारागीर जरा विक्षिप्त आहे. एक नंबर ठोकतच नाही. म्हणतो तो आमच्या पैगंबराचा. मालक ओरडतो, पण करतो काय, हात सोन्याचा आहे. तुमची ही त्याच्या हातची पहिली. ती विकायला आलीच नव्हती. तुमच्याकडे कशी आली?’’

मी तार घेतली, पत्ता घेतला. पैसे देताना त्यांनी विचारलं, ‘‘पाणी हवं का, काका?’’

भायखळ्याची गल्ली सापडायला वेळ लागला नाही. लाकडाच्या वखारीशेजारी पत्र्याची शेड, वर राहायच्या खोल्या. शेडीतून रंध्याचा आवाज येत होता. दोन लांब हात, मग एक आखूड. जगात कोणीही असा रंधा मारत नाही, माझ्याशिवाय आणि मी ज्याला शिकवला त्याच्याशिवाय. वरच्या कठड्यावर दोरी होती आणि दोरीवर माझ्या सदऱ्याचं निळं झबलं. ते काढायला वेणू बाहेर आली. दाजीची वेणू.

ती खाली पाहील म्हणून मी वखारीच्या आडोशाला झालो. मी. माझ्याच पोराच्या दारात, चोरासारखा. मग एस.टी. पकडली.

अबीगेलनं विचारलं, ‘‘पेणला जेवलात?’’

मी म्हटलं, ‘‘जेवलो.’’

गुरुवार, २ मार्च

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला चावू?

दुकान उघडलं नाही, अंग दुखतं म्हणून सांगितलं. पडल्या पडल्या एकेक धागा उसवतो आहे. बहिणीचे गुडघे. खलाशी मित्र. टपालाचा भरवसा नाही. मास्तर नकाशावर बोट फिरवत होते, तेव्हा दाजी शेजारी बसून माझ्या कपातला चहा पीत होता. अख्ख्या गावासमोर मी कर्ण्यातून ओरडलो तेव्हा ही दारात उभी होती. नवरा गावभर हसं करून घेतोय, तोंडातून शब्द नाही काढला. आणि ते पेढे. दुसरा पेढा.

परक्यानं फसवलं तर माणूस भांडतो. यांनी मला फसवलं, वर पांघरूणही घातलं, की म्हाताऱ्याला वारा लागू नये.

रविवार, ५ मार्च

अबीगेल बाजारात गेली होती तेव्हा दाजी आला. मी चहा मागवला नाही. त्यानं ते लगेच ओळखलं, पायरीवरच बसला.

‘‘दाजी, जावयाचं नाव काय?’’

तो नखानं पायरी खरवडू लागला. ‘‘तुमाला घावला वाटतं.’’

‘‘तुझ्या तोंडून ऐकायचंय.’’

‘‘नाथन.’’

‘‘किती दिवस माझ्या घरचा चहा पितोस?’’

‘‘शिव्या द्या, गर्शोमशेट. पन मना काय सुक व्हता? माजी आय म्हातारी, चार दिवस जेवली नाय. भावकीतले आजून नीट बोलत नाय. पन पोर हासत व्हती. मी म्हनलो, जाऊ दे.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

‘‘अबीबायनी शपथ घातली. आनि सांगाचा कसा? जेरुशाबायच्या पोरीपायी तुमी दारोदार फिरलाव. माज्या दारात पन आलेलाव, मी तर तुमच्या जातीचा पन नाय. म्हनलाव, दाजी, ती आली तर पानी देव नको. नाथन तवा तुमच्या मागं उबा व्हता, कंदील धरून.’’

‘‘ते वेगळं होतं.’’

‘‘कसा वायला?’’

मी त्याला समजावलं. जेरुशाबाईंची पोर समाजाची होती. तिला वळण लावणं समाजाचं काम, मी फक्त निमित्त. नाथन माझा मुलगा आहे. मुलानं बापाला ओळखायला नको? येऊन पायाशी बसला असता, दोन दिवस बोललो नसतो, चार दिवस जेवलो नसतो, मग काय, मीच उठलो असतो ना? एवढाही विश्वास नाही?

दाजी म्हणाला, ‘‘आता उटा मंग.’’

मी त्याला जायला सांगितलं. आणि बजावलं, मला कळलंय हे अबीगेलला सांगायचं नाही. ती हे किती दिवस निभावून नेते ते मला पाहायचंय.

गुरुवार, ९ मार्च

अबीगेल काल मुंबईला जाऊन आली. आज नाथनचं पत्र वाचून दाखवलं. चष्मा सापडत नाही, असं मीच मुद्दाम म्हटलं होतं. तिकडं फार बर्फ पडतोय म्हणे. भायखळ्याला.

मी डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवले. एकदा अडखळली नाही. बर्फाचे ढीग दारापर्यंत आलेत, कारखान्यातले सगळे शेकोटीभोवती बसतात, असं कितीतरी. मधेच वाटलं, ऐकत राहावं. छान लिहितो पोरगा.

‘‘गरम कपडे घालायला सांग त्याला,’’ मी म्हटलं.

‘‘सांगते.’’ पत्राची घडी घातली, पदरात खोचली. मग विचारते, ‘‘अहो, तुम्हाला बरं नाही का? आठ दिवस रंधा धरला नाहीत.’’

कपाळावर हात ठेवला तिनं माझ्या. मी तो काढला नाही. या बाईचा राग कुठून धरावा तेच समजत नाही. टोक सापडत नाही, सापडलं की तिथं तिचाच हात असतो.

गिटार खोक्यात घालून माळ्यावर टाकली. तासाभरानं खाली काढली. माळ्यावर उन्हानं दांडी वाकते, वस्तूचा काय दोष?

शनिवार, ११ मार्च

आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ सुटला. लगेच लिहायला बसलो आहे.

सकाळी मशिदीत प्रार्थना झाल्यावर हज्जानसाहेबांनी गाठलं. दोघं-तिघं आणखी होते.

‘‘काय गर्शोमभाई, गाव सापडलं का मग?’’

सगळं जिभेवर होतं. वाटलं, बोलून टाकावं, आणि बघावं यातलं कोण माझ्या दारात येतं. मग वाटलं, कोणी आलं नाही तर?

‘‘सापडलं,’’ मी म्हणालो. ‘‘बॉस्टन.’’

‘‘वा. लग्नाचं काय त्याच्या?’’

‘‘झालं.’’

‘‘आपल्यातलीच ना?’’

‘‘हो तर. तिकडं आपले पुष्कळ आहेत.’’ जीभ कुठंही अडली नाही. अबीगेलसारखीच.

‘‘मूलबाळ?’’

‘‘मुलगा झाला.’’ हे मी ठरवून बोललो नाही. आपसूक आलं आणि छाती भरून आली, दाजीची आली होती तशी. सगळ्यांनी हात मिळवले. हज्जानसाहेब म्हणाले, ‘‘नाव सांगा, पुढच्या शब्बाथला त्याच्यासाठी दुवा म्हणू.’’

नाव मला माहीत नव्हतं. दाजीला नाव माहीत आहे, त्याच्या म्हाताऱ्या आईला माहीत आहे. अबीगेलच्या बहिणीला, वखारवाल्याला माहीत असेल. मी म्हणालो, ‘‘पत्र यायचंय.’’ वळलो तर मागच्या बाकावर जेरुशाबाई बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मला वाटतं त्यांनाही माहीत असावं. मी मान खाली घालून चप्पल शोधली.

दिवसभर अबीगेल समोर होती. आता ती स्वयंपाकघरात दूध तापवते आहे, मी इथं लिहितो आहे, मधे नुसता पडदा. पुढचं लिहायच्या आधी मी लेखणी खाली ठेवून तिला हाक मारली आणि विचारलं, ‘‘नाव काय ठेवलंय त्याचं?’’

‘‘कुणाचं?’’ ती म्हणाली. लगेच, सहज, बर्फ वाचावा तसं.

 दूध वर येत असल्याचा आवाज आला. मग उतू गेल्याचा वास आला. तिनं ते उतरवलं नाही. पडदा हलला, पण ती बाहेर आली नाही. पलीकडूनच बोलली, मला जेमतेम ऐकू येईल असं.

‘‘हानोख.’’

माझ्या वडिलांचं नाव. मला न विचारता.